चुन्याखालची चित्रं

मध्य फ्रान्समध्ये बेरी नावाचा शेतीवाडीचा जुना प्रांत आहे. तिथल्या नोआँ-व्हिक या खेड्यात संत मार्टिनचं चर्च आहे. बाहेरून बघाल तर अगदी साधं. जाड दगडी भिंती, लहान खिडक्या, डोळे दिपावेत असं काहीच नाही. हा मार्टिन म्हणजे थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा कापून अर्धा देणारा संत, अशी तिकडची कथा. दानाचं मोल जाणणाऱ्या आपल्या बायकांना तो परका वाटू नये.

आपल्या बस्तीत सभामंडप वेगळा नि गाभारा वेगळा, तसंच इथंही आहे. लोकांची बसायची जागा आणि वेदीची जागा यांच्यामध्ये आडवी भिंत आहे, तिच्यातूनच आत जायची वाट. या भिंतीवर आणि आतल्या भिंतींवर बाराव्या शतकातली चित्रं आहेत. येशू गाढवावरून जेरुसलेमात शिरतोय, शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतोय, दगा देणारा ज्यूडास त्याचं चुंबन घेतोय. एका ठिकाणी येशू शिष्यांचे पाय धुतो आहे. आपल्यात श्रावक मुनींचं पादप्रक्षालन करतो. इथं गुरूच शिष्यांपुढे वाकलाय, म्हणून हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

रंग तरी किती? गेरू, पिवडी, पांढरा, काळा, असे मोजकेच. फ्रेस्को म्हणजे चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग द्यायचा. गिलावा वाळता वाळता रंग त्यातच मुरतो, म्हणून तो शतकानुशतकं टिकतो.

पुढे केव्हातरी या चित्रांवर सफेदीचे हात बसले आणि गाव त्यांना विसरून गेलं. 1849 मध्ये गावच्या पाद्रीबाबांना चुन्याखाली रंग दिसले. चुन्यानं चित्रं झाकली होती, पण राखलीही होती.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर नोआँच्या वाड्यात जॉर्ज सँड राहत होती. नाव पुरुषाचं, पण बाई. 1804 साली जन्मलेली ऑरोर द्युपँ. पुरुषी नावानं लिहिलेल्या कादंबऱ्यांनी ती युरोपभर गाजली होती. धर्मपीठाशी तिचं काही सख्य नव्हतं, तिची काही पुस्तकं रोमच्या निषिद्ध यादीत होती. तरी या भिंतींसाठी तिनं आपलं वजन खर्ची घातलं. ‘कार्मेन’ लिहिणारा प्रॉस्पेर मेरिमे तेव्हा सरकारी ऐतिहासिक स्मारकांचा मुख्य निरीक्षक होता. तिनं त्याच्याकडे शब्द टाकला आणि 1850 मध्ये हे खेड्यातलं चर्च संरक्षित स्मारकांच्या यादीत गेलं. 1876 मध्ये ती वारली. नोआँच्या छोट्या चर्चजवळ, घरच्या दफनभूमीत तिला पुरलंय.

मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. पाद्रीबाबांनी बघितलं आणि बाईंनी योग्य माणसाला कळवलं. दोघांपैकी एक जरी गप्प बसला असता, तर या भिंतींचं काय झालं असतं कोण जाणे!

आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की पैसा उभा राहतो, उत्साहही असतो. मग जुन्या खांबांना ऑइलपेंट लागतो, झिजलेल्या फरशीवर ग्रॅनाइट चढतं. चुना काढता येतो हो, पण यंत्रानं घासून गेलेलं शिल्प परत आणता येत नाही. पंचांच्या बैठकीत बायका फारशा नसतात, पण रोज सकाळी अभिषेकाला, पूजेला जाऊन तेच खांब आणि तेच शिलालेख जवळून बघतात त्या बायकाच. तेव्हा कामाची बोलणी सुरू झाल्याचं कानावर आलं, की आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत, पुरातत्त्व खात्याला एक पत्र टाकावं आणि उत्तर येईपर्यंत काम थांबवा म्हणून पंचांना स्पष्ट सांगावं. एवढं करायला जॉर्ज सँड व्हावं लागत नाही.