प्रमाण : मापाचे आणि पुराव्याचे

मराठीत 'प्रमाण' हा शब्द मापालाही वापरतात आणि पुराव्यालाही. हाताने घडवलेल्या विमानाच्या प्रतिकृतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. पंख, धड, शेपूट मापात बसवणे हे पहिल्या अर्थाचे काम. त्यावर अक्षरे, आधारदांडे, चाकांचे पाय असा तपशील चढू लागला की दुसऱ्या अर्थाचे काम सुरू होते. कारण प्रत्येक तपशिलाला स्वतःची तारीख असते.

उदाहरण म्हणून 15 ऑक्टोबर 1932 हा दिवस घेऊ. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. अहमदाबाद आणि जुहू ही ठिकाणे नकाशावर पट्टीने जोडली, तर ती रेषा विरारवरून, आमच्या मनवेलपाड्याच्या आसपासून जाते. विमान होते डी हॅविलंड कंपनीचे 'पस मॉथ', नोंदणी व्हीटी-एडीएन. पंखांचा विस्तार 36 फूट 9 इंच, लांबी 25 फूट. 1:24 या प्रमाणात पंख सुमारे 47 सेंटिमीटर आणि लांबी सुमारे 32 सेंटिमीटर भरते. इथवर गणित पुरते.

पुढे पुरावा लागतो. पस मॉथचे धड पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेले होते. म्हणून प्रतिकृतीच्या कागदाखाली सांगाड्याच्या रेषा पुसट दिसायला हव्यात. 1930 नंतर या जातीच्या काही विमानांचे पंख हवेतच निखळले. चौकशीनंतर पंखाच्या आधाराला एक छोटा जादा दांडा जोडण्यात आला. काडीएवढा हा दांडा लावायचा की नाही, हे डोळ्यांना काय शोभते यावरून ठरत नाही. त्यासाठी त्या विमानाचे त्या काळातले छायाचित्रच पाहावे लागते.

छायाचित्रेही चकवतात. टाटांनी 1962 साली आणि पुन्हा 1982 साली या उड्डाणाचे स्मरण म्हणून तोच प्रवास केला, तो 'लेपर्ड मॉथ'मधून. तेही वर पंख असलेले एकपंखी विमान. पण त्याचे धड प्लायवुडचे, आणि त्याचे पहिले उड्डाणच 1933 सालचे. स्मरणसोहळ्याचे छायाचित्र समोर ठेवून जो 1932 चे विमान घडवील, तो त्या वर्षी अस्तित्वातच नसलेले यंत्र जुहूला उतरवील. स्मरण मूळ घटनेच्या जागी येऊन बसते, ते असे.

अक्षरांचेही तेच. 'व्हीटी' म्हणजे 'व्हाइसरॉयची भूमी' असे आजही ठासून सांगितले जाते. वस्तुतः ही अक्षरे बिनतारी संदेशांसाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय वाटपातून आली. त्याआधी भारतीय विमानांवर 'जी-आय' असे. म्हणजे योग्य जागी रंगवलेल्या दोन अक्षरांनीही विमानाचा काळ सांगता येतो.

ग्रंथाला तळटीप देता येते, प्रतिकृतीला देता येत नाही. शाळेच्या प्रदर्शनात तिच्यासमोर उभा राहिलेला मुलगा जे दिसते ते तसेच खरे मानतो. म्हणून कृष्णधवल छायाचित्रात न दिसणारा रंग ठरवताना हात क्षणभर थांबावा, आणि निवडलेला रंग अंदाजाचा आहे हे शेजारच्या पाटीवर लिहावे. इतिहास लिहिणाऱ्यांकडून आम्ही याहून वेगळे काही मागत नाही.