वडिलांचे घड्याळ

गेल्या उन्हाळ्यात माळ्यावरची लोखंडी पेटी उघडली आणि जुन्या कागदपत्रांखाली एका पुरचुंडीत वडिलांचे मनगटी घड्याळ सापडले. एचएमटीचे 'जनता'. काच पिवळी पडलेली, पट्टा तुटलेला, चावी फिरेना. मास्तरकीच्या तुटपुंज्या पगारातून पै-पै बाजूला टाकून त्यांनी ते घेतले होते.

वडील निजामाच्या मुलखात जन्मले, उर्दूतून शिकले आणि आयुष्यभर मराठी शिकवत राहिले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले; आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. सोयरीक तिकडे, शेतीवाडी इकडे!

त्या काळी चांगले घड्याळ म्हणजे परदेशी, हे समीकरणच होते. हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला आणि पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. 'जनता' या नावातच त्या काळाचे स्वप्न होते. चावीचे घड्याळ, आत कृत्रिम माणकाचे सतरा खडे, चाकांचे बारीक आस झिजू नयेत म्हणून. सेकंदाला पाच ठोके, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. पुढे सेलची घड्याळे आली आणि रोज चावी देण्याची सवय मोडली.

दुरुस्तीसाठी दोन दुकाने फिरलो. "सर, सेलचं नवं घ्या," एवढेच उत्तर. अखेर बाजाराच्या बोळात एक वृद्ध घड्याळजी भेटले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचे झाकण उघडले. तेल वाळून डिंकासारखे झाले होते. कमान थकली होती. त्यांनी एकेक चाक सुटे करून धुतले, बंद पडलेल्या दुसऱ्या 'जनता'ची कमान बसवली, थेंब-थेंब तेल दिले, काच बदलली.

"तबकडीही रंगवून द्या," मी म्हणालो. चारच्या आकड्यापाशी तपकिरी डाग होता.

ते दखनीत म्हणाले, "नक्को मास्तरसाब. डायल नवा करे तो अब्बाजी की घडी किधर रही?"

इतकी वर्षे इतिहास शिकवणारा मी गप्प झालो. आतली यंत्रणा स्वच्छ करावी, झिजलेले बदलावे; पण काळाने चेहऱ्यावर जे लिहिले ते पुसू नये. सीमेवरच्या आम्हा माणसांनाही हेच लागू आहे. २०१४ साली तेलंगण झाले. २०१६ हे वर्ष तर विलक्षण: जानेवारीत एचएमटीचा घड्याळ-व्यवसाय बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ऑक्टोबरात आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. घर जागचे हलले नाही, पत्ता मात्र बदलत गेला. मराठी टिकली ती घराघरांत रोज बोलली गेली म्हणून.

आता रोज सकाळी पूजेनंतर चावी देतो. पाण्यापासून जपतो. घड्याळ दिवसाकाठी थोडे मागे पडते. मी काटे पुढे करतो.

परवा आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, यात सेल कुठे असतो?"

मी मनगटावरून घड्याळ सोडले आणि त्याच्या कानाशी धरले.