ठिपका, अंकुर आणि फाईल



नेपानगरात चित्रांविषयी बोलायचे, तर आरंभ कागदापासूनच करणे प्राप्त आहे. 1955 साली येथे वृत्तपत्री कागद निघू लागला, 26 एप्रिल 1956 रोजी पंडित नेहरूंनी कारखाना राष्ट्राला अर्पण केला आणि 1981 पर्यंत देशात असा कागद करणारा तो एकमेव कारखाना होता. हा कागद स्वस्त, पण शाई पिणारा. छपाईयंत्राला करडा रंग ठाऊक नसतो. शाई लागते किंवा लागत नाही. म्हणून कॅमेऱ्यात जाळी बसवून छायाचित्राचे लहानमोठे ठिपके करीत व त्यांचा हाफटोन ब्लॉक घडवीत. ठिपका मोठा तेथे सावली, बारीक तेथे उजेड. गुळगुळीत आर्ट पेपरवर इंचाला 133 ते 150 ओळी बसत. वृत्तपत्री कागदावर 65 ते 85 वर थांबावे लागे, एरवी शाई पसरून चित्राचा चिखल होई. चित्रातले काय राखावे आणि काय सोडावे, हा निर्णय संगणकाच्या कितीतरी आधी ब्लॉक करणारा कारागीर घेत होता.

ही ठिपक्यांची विद्या धुंडिराज गोविंद फाळके यांची उपजीविका होती. लोणावळ्यास त्यांनी ब्लॉक आणि छपाईचा कारखाना काढला. 1909 साली तिरंगी छपाईसाठी ते जर्मनीस गेले. पुढे 1912 मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची महिन्याहून अधिक काळची वाढ थोडी थोडी टिपून ती सुमारे मिनिटभरात पडद्यावर दाखविली. ‘अंकुराची वाढ’ हा तो लघुपट. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ 3,700 फुटांचा होता. फुटाला 16 चौकटी धरल्या, तर सुमारे 59,000 छायाचित्रे, आणि प्रत्येक संपूर्ण!

संगणकाला असा उधळेपणा परवडला नाही. हजार बाय हजार ठिपक्यांचे रंगीत चित्र घ्या. दर ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, म्हणजे 30 लाख बाइट. पूर्वीच्या दोन फ्लॉपींतही ते मावत नसे. यावरचा तोडगा ज्या गणितातून निघाला, ते बंगलोरला जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह 1974 साली मांडले. 1992 च्या जेपेग पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि प्रत्येकात उजेड किती संथ वा किती वेगाने बदलतो, ते नोंदवितात. डोळ्याला जाणवत नाहीत असे सूक्ष्म चढउतार ढोबळ करतात; त्यांतले बरेचसे शून्य होतात, आणि शून्यांची रांग थोडक्यात लिहिता येते. सोडलेले मात्र परत येत नाही. असे चित्र बदलून पुन्हा पुन्हा साठविले, तर दर वेळी थोडे झिजते.

चलत्चित्राची तऱ्हा याहून मनोरंजक आहे. 1993 च्या एमपेग पद्धतीत अधूनमधून एक चौकट पूर्ण ठेवतात. मधल्या चौकटींत कोणता भाग कोठे सरकला आणि नवे काय आले, एवढेच लिहितात. फाळक्यांचा वाटाणा या पद्धतीने साठविला, तर कुंडी एकदाच नोंदवून पुढे केवळ अंकुराचा हिशेब ठेवणे पुरेल. काटकसर खरीच; पण पूर्ण चौकट बिघडली की तिच्या आधाराने उभ्या असलेल्या साऱ्या चौकटी बिघडतात. फिल्मच्या रिळावर एक चौकट खराब झाली, तर एकच जाई.

अर्थात रिळेही अमर नव्हती. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे तेवढे उरले आहे, आणि तीही 1917 च्या नव्या चित्रणाची असावीत असे काही अभ्यासक मानतात. 2003 साली पुण्यात ज्वलनशील नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. म्हणूनच चित्रपटांच्या जतनासाठी हल्ली प्रत्येक चौकट पुन्हा फाळक्यांसारखी, स्वतंत्र आणि संपूर्ण साठवितात. जागा कितीही लागो. पाहण्यापुरती प्रत तेवढी आटोपशीर करतात.

आपापल्या घरी शाळेचे जुने समूहफोटो असतील त्यांना माझी विनंती आहे, की त्यांची मूळ नोंद टिफ किंवा पीएनजी स्वरूपात करावी. 1996 पासूनचे पीएनजी ठिपक्यातला एकही आकडा सोडीत नाही. मित्रांना पाठवायला जेपेग पुरे. मागच्या रांगेतल्या मुलाचा चेहरा त्या फोटोत चाळीस-पन्नास ठिपक्यांहून मोठा नसतो.