किल्ली गळते तेव्हा

महूला होतो तेव्हा एका संध्याकाळी मेसमध्ये विषय निघाला, सायफर फुटतं कसं? तरुण अधिकाऱ्यांचं उत्तर ठरलेलं: गणित सोडवून. मी त्यांना १९४३ ची गोष्ट सांगितली.

अमेरिकी सैन्याचे टेलिटाइप संदेश तेव्हा बेल कंपनीच्या यंत्रातून गुप्त होऊन जात. यंत्र एक पाऊल पुढे सरकलं की प्रयोगशाळेत लांबवर ठेवलेल्या ऑसिलोस्कोपवर उसळी उमटते, हे एका इंजिनिअरला दिसलं. सैन्याला पटेना. मग बेलची माणसं न्यूयॉर्कच्या व्हॅरिक स्ट्रीटवर, सायफर केंद्रापासून सुमारे ८० फुटांवर, रस्त्यापलीकडच्या इमारतीत जाऊन बसली. तासभर नोंद घेतली आणि तीन-चार तासांत सुमारे ७५ टक्के मजकूर समोर ठेवला. सायफरच्या गणिताला कुणी हात लावला नव्हता. यंत्रं झाकणं जिकिरीचं, म्हणून कमांडरांना सांगितलं गेलं: केंद्राभोवतीचा शंभर फुटांचा घेर ताब्यात ठेवा. म्हणजे शेवटी पहाराच!

१९८४ मध्ये आदी शमीर यांनी वेगळी कल्पना मांडली. माणसाचं नाव हीच त्याची उघडी किल्ली असावी. किल्ल्यांच्या याद्या वाटत फिरलेल्या सिग्नलवाल्याला यातलं सुख कळेल. ती प्रत्यक्षात यायला २००१ उजाडलं. बोने-फ्रँकलिन यांनी एक रीत दिली, ब्रिटनच्या क्लिफर्ड कॉक्स यांनी दुसरी. पुढे किल्ली हुद्द्याला, तुकडीला बांधता आली. मग फंक्शनल एन्क्रिप्शन आलं: स्टोअरच्या बाबूला एकूण बेरीज दिसेल, कुठल्या चौकीकडे किती दारूगोळा आहे ते दिसणार नाही.

पण सगळ्यांच्या किल्ल्या एकाच मुख्य किल्लीतून निघतात. ती गेली की सगळंच गेलं.

आणि किल्ल्या गळतातच. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी बंद केलेल्या संगणकाच्या मेमरी चिप गार करून त्यातून किल्ल्या काढून दाखवल्या. गणितज्ञांनी मग प्रश्न उलटा धरला: थोडं गळणारच असं मानून किल्ली बनवली तर? २००९ मध्ये अकाविया, गोल्डवासर आणि वैकुंठनाथन यांनी ते सिद्ध केलं. २०११ मध्ये लुको, रुसेलाकिस आणि वॉटर्स यांनी मुख्य किल्लीलाही हे संरक्षण दिलं. किल्ली ठराविक काळाने आतल्या आत बदलत राहायची, बाहेरची ओळख मात्र तीच. अट एकच, दोन बदलांमध्ये ठरलेल्या मापापेक्षा जास्त गळता कामा नये.

एका कॅप्टनने लगेच विचारलं, "सर, पण किती गळलं हे मोजणार कोण?"

त्या रात्री आमचं जेवण बरंच उशिरा झालं.