आरोळीचे पुनरागमन

विक्रयकलेचा विचार करताना अभ्यासक आरोळीकडे सहसा लक्ष देत नाहीत. ‘जाहिरात’ म्हटले की छापील मजकूरच डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः या शब्दाच्या मुळाशी असलेल्या अरबी ‘जाहिर’चा अर्थ केवळ ‘उघड’ असा आहे. आणि ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, त्याच्या कितीतरी आधीपासून फेरीवाला आपला माल कंठानेच उघड करीत आला होता.

या आरोळीची घडण पाहण्याजोगी आहे. व्यंजने लवकर विरतात, स्वर दूरवर जातात. म्हणून ‘कल्हईऽऽ’मधील अंत्य स्वर लांबविला जाई, आरंभीची अक्षरे गिळली गेली तरी बिघडत नसे. गृहिणी शब्दापेक्षा हेलच ओळखीत असे. हेल ही विक्रेत्याची मुद्राच होय, असे म्हणावयास हरकत नाही. एका कोळिणीची हाक दुसरीची म्हणून खपत नसे.

पुढे दुकाने व छापील जाहिराती वाढल्या आणि आरोळी क्षीण झाली. आज मुंबई-पुण्याच्या वसाहतींत ती हातगाडीवर व टेम्पोवर परतली आहे, परंतु ध्वनिमुद्रित होऊन. कारण सरळ आहे: छपाईचा खर्च न झेपणाऱ्याला सातव्या मजल्यापर्यंत पोहोचावयाचे असते. (२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, हा भाग निराळा.) मात्र एकच तयार मुद्रण अनेक गाड्यांवर वाजू लागले की माल कळतो, माणूस कळत नाही. शिवाय यंत्र भाव सांगते, घासाघीस करीत नाही. गिऱ्हाईक खिडकीत दिसताच पुष्कळ विक्रेते ते बंद करून स्वतःच्या आवाजात बोलू लागतात.