आधी उंबरठा, मग दवाखाना

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला राहायला आले, तेव्हा दवाखान्यासाठी त्यांना जागा मिळाली ती गुरांच्या जुन्या, वापरात नसलेल्या दवाखान्याची. जामखेड हे त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या एका टोकाचे गाव. पुढे लगेच बीड जिल्हा सुरू होतो. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, शेती कोरडवाहू. ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांनी कुणाच्या तरी बांधावर राबायचे किंवा गाव सोडायचे, हा शिरस्ता. अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यात आहे. त्यांचे नाव मात्र देशभर आणि त्यांच्या मुलुखातल्या बायका रोज पाण्यासाठी वणवण करत होत्या.

दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. शिक्षणानंतर 1962 ते 1966 त्यांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केले. तिथे खाटा भरलेल्या असत, शस्त्रक्रिया होत, माणसे बरी होऊन घरी जात आणि काही महिन्यांनी तीच माणसे तोच आजार घेऊन परत येत. हगवण, खरूज, क्षय, धनुर्वात, बाळंतपणात अडलेली बाई, अंगावर मांस नसलेले मूल. यातले बहुतेक आजार दवाखान्याच्या दारात येण्याआधीच, गावातच थांबवता येण्याजोगे होते. पण त्यासाठी गावाने तुम्हाला घरात घेतले पाहिजे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकत असताना त्यांनी जामखेडच्या कामाचा आराखडा तयार केला. त्यात एक गोष्ट पक्की होती: बोलावल्याशिवाय कुठल्याही गावात जायचे नाही. या एका अटीने पुढच्या पन्नास वर्षांचे वळण ठरवले, असे मला वाटते. योजना घेऊन जाणारा माणूस गावाला नेहमीच पाहुणा वाटतो. गावानेच बोलावलेल्या माणसाशी गाव वेगळ्या रीतीने वागते.

बोलावणे आले, पण आरोग्यासाठी नव्हे. लोक म्हणाले, पाणी द्या, खायला द्या. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्र मिलो ही परदेशी ज्वारी आणि सुकडी हा मदतीचा पूरक आहार यांवर जगला. खडी फोडायच्या कामावर बाया तान्ही पोरे झाडाखाली ठेवून उन्हात बसत. अशा वेळी लसीकरणाचे महत्त्व सांगत फिरणाऱ्याला कुणी दारात उभे केले नसते. आरोळ्यांनी बाहेरून मदत मिळवून मुलांसाठी गावोगाव स्वयंपाकघरे चालवली आणि कूपनलिका खोदून हातपंप बसवायला घेतले. हातपंप कुठे बसवायचा हा प्रश्न प्रत्येक गावात आला. गावठाणातल्या आडाला दलितांनी शिवायचे नाही, कुणी ओंजळीत ओतील तेवढेच घ्यायचे, ही तेव्हाची उघड रीत होती. आरोळ्यांनी आग्रहाने पंप दलित वस्तीत बसवले. खालून पाणी लागले की बाकीच्या गावाला तिथे येणे भागच होते. सुरुवातीला कुरकुर झाली, पण उन्हाळ्यात रिकामी कळशी घेऊन फार दिवस रुसता येत नाही. स्वयंपाकघरांतही तेच. सगळ्या जातींची पोरे एका ओळीत बसून जेवत आणि एकमेकांच्या ताटातले मागून खात.

तरुण पोरांना गोळा करायला त्यांनी व्हॉलीबॉल सुरू केला. खेळून दमलेली मुले मातीत एकत्र बसली की गप्पा सुरू होत आणि त्या गप्पांतून शेतकरी मंडळे उभी राहिली. बियाणे, पाणी, विहीर, कर्ज असे विषय घेत घेत मंडळे पोरांच्या जुलाबांपर्यंत आणि बायकोच्या बाळंतपणापर्यंत पोहोचली. पुरुष आधी तयार झाले म्हणून पुढे बायकांना घराबाहेर पडता आले, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आरोग्याच्या कामासाठी पहिल्यांदा प्रशिक्षित परिचारिका नेमल्या. ते जमले नाही. शहरात शिकलेल्या त्या तरुण मुली खेड्यात एकट्या राहायला धास्तावत आणि गावातल्या बायाही त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत नसत. पाळी, अंगावरून जाणे, नवऱ्याची मारहाण, पोटुशी असताना काय खावे, हे विषय लग्न न झालेल्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या मुलीसमोर कोण काढणार? तेव्हा गावकऱ्यांकडूनच सूचना आली की आमच्यातलीच एखादी बाई शिकवा. वयाने थोडी मोठी, लेकराबाळांची आई, गावाने निवडलेली. अशा बायका जामखेडला येऊ लागल्या. बहुतेक निरक्षर होत्या. पुष्कळशा दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. गावात त्यांना नाव नव्हते: कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई, एवढीच ओळख. प्रशिक्षणाची सुरुवातच मुळी स्वतःचे नाव मोठ्याने सांगण्यापासून होई.

दर आठवड्याला बायका जामखेडला यायच्या आणि मुक्काम करायच्या. स्वयंपाक एकत्र, पंगत एक, झोपणे एका खोलीत. मराठ्याच्या घरातली बाई आणि मातंगाच्या घरातली बाई शेजारी शेजारी भाकरी थापत आहेत, हे 1973 च्या आसपासच्या मराठी खेड्यात साधे दृश्य नव्हते. काहींनी पहिल्यांदा आपली भाकरी घरून बांधून आणली असणार, हे कुणीही ओळखील. पुढे ते टिकले नाही. शिकवणे फळ्यावरचे नव्हते. मागच्या आठवड्यात गावात काय घडले ते प्रत्येकीने सांगायचे आणि त्यावरून धडा पुढे सरकायचा. एकीने सांगितले की पोर हगवणीने गेले, की मीठ-साखरेच्या पाण्याचा धडा त्याच दिवशी. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी सगळे तोंडपाठ ठेवले, आणि ते पाठांतर ओव्यांवर पोसलेल्या बायकांचे होते, त्यामुळे त्यात गळती नव्हती.

आता त्या बाईचा गावातला दिवस पाहा. सकाळी ती एका घराच्या ओसरीवर टेकते. घरात सात महिन्यांची पोटुशी सून आहे. सासू तिला पोटभर जेवू देत नाही, कारण मूल मोठे झाले तर बाळंतपण अडेल हा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. डॉक्टर इथे वाद घालील. ही बाई सासूशी तिच्या स्वतःच्या बाळंतपणांबद्दल बोलत बसते. किती जगली, किती गेली, गेलेली केवढी होती. सासूच्या तोंडूनच येते की गेलेली पोरे उंदराएवढी होती. मग सुनेच्या ताटात भाकरी वाढते. पुढच्या घरी बाळाचे वजन करायचे आहे आणि आजी आडवी येते, वजन केले की दृष्ट लागते म्हणून. बाई आधी आपल्या हाताने बाळाच्या गालाला तीट लावते, मग झोळीत घालून काट्याला टांगते. तीट लावल्याने विज्ञानाचे काही बिघडत नाही. सुईणीच्या सांगण्यावरून बाळंतीण पहिला चीक पिळून फेकून देते, तिथेही हेच: सुईण शत्रू नसते, तिला बरोबर घ्यायचे असते. गोवर झाला तर देवीचा कोप म्हणून दार लावून बसलेल्या घरात शिरायची मुभा फक्त तिलाच असते, कारण ती हळदकुंकवाला त्याच दारातून आत गेलेली असते.

कुष्ठरोगाचे उदाहरण याहून बोलके आहे. अंगावरचा फिकट, बधिर चट्टा माणूस सदऱ्याखाली वर्षानुवर्षे लपवतो, कारण कळले तर वाळीत पडेल, पोरीचे लग्न मोडेल. सर्वेक्षणाला आलेल्या पथकाला तो दिसत नाही. शेजारणीला दिसतो. जामखेडच्या कार्यकर्त्या असा चट्टा ओळखायला शिकल्या, आणि पुढे त्या रोग्याला वेगळ्या वसाहतीत पाठवण्याऐवजी त्याच दवाखान्यात, बाकीच्या रोग्यांच्या रांगेत बसवून औषध दिले गेले. ते पाहून मग लपवणारे आपणहून सांगू लागले.

या साऱ्यात डॉक्टरांना सर्वांत अवघड गेले असेल ते मागे सरकणे. आपल्याकडे ज्ञान डॉक्टरच्या टेबलामागे बसते आणि रोगी स्टुलावर. आरोळ्यांनी औषधांची पेटी आणि त्यासोबतचा अधिकार निरक्षर बाईच्या हाती दिला, बाळंतपणे तिच्याकडून करून घेतली. जामखेडचे फिरते पथक गावात आले की आधी तिच्याकडे जाई, तिने सांगितलेल्या घरी जाई. जामखेडच्या रुग्णालयात ती पोचवील तो रोगी तिचा रोगी असे. तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरने आपल्या गल्लीतल्या बाईला मान दिला, हे गाव पाहत होते. परक्या इमारतीविषयीची भीती त्यातून गेली. विश्वास संस्थेवर बसला तो या बाईच्या मध्यस्थीने, आणि संस्थेने तिला नुसती निरोप सांगणारी ठेवले असते तर तो कधीच बसला नसता. माझ्या मते जामखेडचा सारा अर्थ एवढ्यात आहे.

आकडे पाहू. 1971 साली या भागात दर हजार जन्मांमागे 176 अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला. पाच वर्षांत, फारसे रस्ते नसलेल्या दुष्काळी मुलुखात. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरच्या लोकाधारित आरोग्यकार्यांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडचे प्रकरण होते. 1978 च्या आल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा विचार जगापुढे मांडला गेला तेव्हा ज्या थोड्या प्रयोगांचा दाखला होता त्यांत हाही होता. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सरकारांनीही यातून घेतले, पण घेताना मर्म सांडले. 1977 मध्ये केंद्राने गावोगाव आरोग्य स्वयंसेवक नेमण्याची योजना आणली, त्यात बहुतेक पुरुष निवडले गेले. ज्या ओसरीच्या आत काम होते, त्या ओसरीच्या बाहेरच ते उभे राहिले. 2005 मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ ही गावातली आरोग्य कार्यकर्ती आली, साधारण हजार वस्तीमागे एक आणि बाईच. हे मोठे पाऊल होते आणि आज लाखो आशा त्यावर उभ्या आहेत. पण आशाला मोबदल्याचा एक भाग मिळतो तो कामागणिक आणि तिचा दिवस खाते ती नोंदवही आणि मोबाइलमधले रकाने. सासूशी तासभर बोलत बसण्याला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही, आणि खरे काम त्या तासाभरातच होते. वेळेवर मानधनासाठी जिला संपावर जावे लागते, तिला गावात मान मिळावा तरी कसा?

जामखेडलाही मर्यादा होत्या, आणि त्या पुढे अभ्यासातून दिसल्या. 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात जामखेड प्रकल्पाच्या गावांची शेजारच्या गावांशी तुलना केली होती. पहिल्या महिन्यानंतर पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या महिन्यात मात्र असा स्पष्ट फरक दिसला नाही. पोषण, स्वच्छता, लस, जुलाबावरचे पाणी यांनी जी पोरे वाचतात ती वाचली. जन्मतःच धोक्यात असलेल्या बाळासाठी त्या बाईच्या हाताशी आणखी काही हवे होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 1990 च्या दशकात नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची पद्धत गावातल्याच बायांना शिकवून उभी केली, ती नेमकी इथली उणीव भरणारी आहे. अशी दोन कामे एकमेकांना जोडून पाहिली पाहिजेत.

मेबल आरोळे 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. काम त्यांची मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांनी पुढे चालवले. पहिल्या पिढीतल्या कित्येक कार्यकर्त्या आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला शिकायला येतात आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या बाया असतात.

या मुलुखातला एक प्रश्न अजून तसाच आहे. दसरा झाला की इथली आणि बीडची हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जी विश्वासाची बाई त्यांच्या गल्लीत आहे, ती कारखान्याच्या शिवारातल्या कोपीत नसते. तिथे पोटुशी बाई फडात मोळी उचलते, पोराला ताप आला तर मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन मिळेल त्या दवाखान्यात जाते. बीडमध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यात अगदी तरुण बायाही होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, दंड बसतो, पोटात दुखते, आणि विचारायला ओळखीचे कुणी नाही. डॉक्टर म्हणेल ते खरे.

ऊसतोडीची टोळी मात्र बहुधा एका गावची, नात्यागोत्याची असते. मुकादम कोयते मोजतो, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्याच टोळीतली एक बाई टोळीतल्या बायांनीच निवडावी, तिला औषधांची पेटी, मानधन आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तिचे ऐकून घेणारा डॉक्टर मिळावा. ती मोळ्या बांधण्यात कमी पडली तर उचलीतून कापू नये, असे साखर कारखान्याने करारात लिहून द्यावे. तिचे शिक्षण भाद्रपदात झाले पाहिजे, कारण दसऱ्यानंतर गावात शिकायला कुणी उरत नाही.