काजूच्या बिया आणि जळलेलं दाभोळ



माझं माहेर दाभोळचं. वैशाखात अंगणात काजूच्या बिया भाजायचा कार्यक्रम असे. सूर्यास्ताच्या आत सगळं आटोपायचं, म्हणून घाई. आई पातेरा झाडून झाडून चुलीत घालायची, एखादा जीव सापडायला नको. जुन्या पत्र्यावर बिया तापल्या की तेल सुटे आणि भपकन पेट घेई. मग त्या मातीत ओतायच्या, राख चोळायची, दगडाने फोडायच्या. ते तेल बिब्ब्यासारखं उततं. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले ना! माझ्या अंगठ्यावर डाग अजून आहे.

कोकणाचा म्हणून मिरवणारा हा काजू मुळात ब्राझीलचा. तिथल्या तुपी लोकांचा ‘अकाजू’ पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात इकडे आणला.

त्याच पोर्तुगिजांनी डिसेंबर १५०८ मध्ये आमचं दाभोळ जाळलं. त्या वर्षी चौलच्या लढाईत फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा मारला गेला होता. सूड घ्यायला निघालेल्या बापाच्या वाटेत आदिलशाहीचं हे भरभराटीचं बंदर आलं. बायकापोरंही सोडली नाहीत. चौल कुठे, दाभोळ कुठे!

गुरुजींनी हे सांगितलं त्या दिवशी मी बियांना हात लावला नाही. आई म्हणाली, “झाडाने काय केलं गं?”

थोड्या वेळाने दोन खाल्ल्या. आता नातीला भाजून देते, आणि १५०८ची गोष्टही सांगते.